काठी कधी पडली

१४ नोव्हेंबर २००४, रविवार. ट्रॉय.

राग निवेपर्यंत थांबले तर तपशील निसटतील. म्हणून आधी घटना, क्रमाने. मत नंतर.

एक. काल शनिवारी दुपारी सव्वाबाराला मी डाउनटाउनमधल्या कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलाशी बसले. वाटपाच्या डब्यात सहा कॅट, एकत्र पिसलेले.

दोन. दर डावाला कमीत कमी रक्कम लावत होते आणि मोजत होते. दुर्री ते छक्की दिसली की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. दश्शी, चित्रे, एक्का उणे एक. ही चा.मो., म्हणजे चालू मोजणी. तिला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागले की ख.मो., म्हणजे खरी मोजणी. ख.मो. जितकी वर, तितके मोठे पत्ते डब्यात शिल्लक, आणि तितके पारडे कॅसिनोकडून खेळणाऱ्याकडे झुकलेले. यात पत्त्यांना हात लावावा लागत नाही, यंत्र लागत नाही, कोणाच्या पत्त्यांत डोकावावे लागत नाही. लागते ते लक्ष.

तीन. एकच्या सुमारास दोन कॅट उरलेले असताना चा.मो. अधिक बारा. ख.मो. सहा. मी चष्मा कपाळावर चढवला. हे बोलावणे. त्यावर ऑफिसातला माझा सहकारी मिलिंद आला आणि अनोळखी माणसासारखा दोन खुर्च्या सोडून बसला. माझा डावा हात पर्सवर, अंगठा अनामिकेच्या वरच्या पेरावर. करंगळीच्या तळापासून मोजले की ते सहावे पेर. इथले लोक बोटे उघडून मोजतात. पेरे मोजणारी बाई त्यांना जप करताना दिसते. दीड वर्षात एकाही कॅमेऱ्याला हे कळले नाही. मि.ने सहा वाचले आणि मोठी रक्कम लावली. तिथपर्यंत सगळे बिनचूक.

चार. आपटेकाका आले. वय अठ्ठ्याहत्तर, इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्या दिवसापासूनचे सभासद. ज्येष्ठांची बस शनिवारी कॅसिनोत येते. जेवण फुकट आणि मशीनवर खेळायला कूपन.

पाच. मि. खुर्चीतून उठला आणि त्यांना वाकून नमस्कार केला. दिवाळी आहे, मान्य. पण दोन खुर्च्यांवर आपण कोणाला ओळखत नाही असे दाखवत बसलेली बाई आहे, हे भान कुठे गेले?

सहा. त्याच्या धांदलीत काकांची काठी पडली. ती त्यानेच उचलली.

सात. मग नाइलाजाने मीही उठले आणि नमस्कार केला.

आठ. काकांना कमी ऐकू येते, त्यामुळे ते सगळ्या दालनाला ऐकू जाईल असे म्हणाले, “अरे वा, गुरू-शिष्य दोघंही इथेच. फराळाला कधी येताय?”

नऊ. चार-पाच मिनिटांत सूट घातलेला एक गृहस्थ आला. अत्यंत सभ्य. त्याने मि.ला माझ्याकडे बोट दाखवून विचारले, या बाईंना ओळखता का. मि. म्हणाला, “नाही. त्या बोटांवर काहीतरी करत होत्या. मला वाटलं प्रार्थना करतायत.”

माझ्या टेबलावर दीड वर्ष जेवलेला माणूस.

दहा. मला सांगितले की, आपण आमच्यासाठी जरा जास्तच चांगल्या खेळता. इतर काहीही खेळा, ब्लॅकजॅक नको. मी विचारले, मी कोणता नियम मोडला? म्हणाला, कोणताही नाही. म्हटले, मग तेवढेच लिहून द्या. तो हसला. लेखी आम्ही काही देत नसतो, म्हणाला, आणि दारापर्यंत सोबत आला.

संपूर्ण वेळात एकही पत्ता माझ्या नजरेतून सुटलेला नाही. हे इथे नमूद करून ठेवते.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

मि. फोन उचलत नाही. ऑफिसात माझ्यापासून आठ टेबलांवर बसतो, आणि फोन उचलत नाही.

याला मी घडवले. नागपूरहून आला तेव्हा सरासरी आणि मध्यक यांतला फरक विचारल्यावर “एकच ना ताई, थोडंफार” म्हणणारा हा मुलगा. (मुलगा कसला, एकतीस वर्षांचा घोडा.) मोटारींच्या बिघाडांचे त्याचे पहिले तीन अहवाल मी लाल शाईने परत केले. चौथा नीट आला. गुरुवारी तो आमच्याकडे जेवायला येऊ लागला, आणि जेवणानंतर पत्ते. पहिले दोन महिने फक्त मोजणी: एक कॅट भराभर उलटायचा, शेवटी शून्य यायलाच हवे. नाही आले तर पुन्हा. तो वैतागायचा. मी म्हणायची, ‘जवळपास’ नावाचा आकडा नसतो.

श्रीकांतने तेव्हाच विचारले होते, एवढ्या शिकलेल्या बाईला जुगार कशाला हवा. नवरा असून त्याला बावीस वर्षांत कळले नाही. जुगार ते बाकीचे खेळतात. ऑफिसात मी बरोबर असले तरी बैठकीत कोणीतरी मान डोलावतो आणि हवे तेच करतो. त्या टेबलावर तसे करता येत नाही. गणित बरोबर असेल तर ते बरोबरच. जगात मला अशी एकच जागा सापडली होती, आणि ती

पुरे.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

आज झेरॉक्स मशीनपाशी गाठले. जमेल तसे उतरवते.

“ताई, इथे नको.”

म्हटले, इथेच. मला ओळखत नाही असे का म्हणालास?

“ताई, तुम्ही समजून नाही राहिल्या. तुमच्याकडे सिटिझनशिप आहे. माझी ग्रीन कार्डची फाइल आत्ता गेलीये. फॉर्ममध्ये काय काय विचारतात माहितीये ना? कॅसिनोनं फोटो काढला माझा.”

मी सांगितले की, डोक्यात बेरीज करणे हा या देशात गुन्हा नाही.

“मला माहितीये नाही. पण जो माझी फाइल बघेल त्याला माहितीये का?”

मग तो जाता जाता म्हणाला, “आणि ताई, मोजणी पण गेली होती तुमची. शेवटी तुम्ही दाखवलं सहाच. टेबलावर चित्रांवर चित्रं पडली होती तोवर.”

दीड वर्षात माझी मोजणी चुकल्याचे एकही उदाहरण नाही. एकही. हा दिवसभराच्या भीतीने दडपलेला माणूस मला सांगतो की मोजणी गेली होती.

संध्याकाळी सवयीने तीन ताटे घेतली. श्रीकांतने एक परत ठेवले.

२१ नोव्हेंबर, रविवार

वर्ग घेतला. अकरा मुले. अपूर्णांक. सई नावाच्या चिमुरडीने भागताना अपूर्णांक का उलटतो ते स्वतः शोधून काढले, आणि फळ्यापाशी येऊन इंग्रजीत मलाच समजावून दिले. आठ वर्षे मंडळाचा हा रविवारचा गणिताचा वर्ग मी मराठीतून चालवते आहे आणि एकही रविवार चुकवलेला नाही. ताप असतानासुद्धा.

घरी पोचते तर मंडळाच्या अध्यक्षा शैलाताईंचा फोन. आधी चकल्यांची चौकशी. मग, “वसुधा, वाईट नको वाटून घेऊस, पण थोडे दिवस वर्गातून विश्रांती घेतेस का?”

कशासाठी, विचारले.

“अगं, पालक विचारतायत. पॉटलकच्या जेवणाला विषय निघाला. तुला कॅसिनोत पकडलं म्हणे. इशारे वगैरे.”

पकडले! चोर पकडतात. विषय कोणी काढला ते विचारले. आढेवेढे. शेवटी कळले: मि. म्हणाला होता की ताईंनी मला यात ओढले, मी आपला बसलो होतो, त्यांची काहीतरी चीटिंगसारखी भानगड होती.

‘चीटिंगसारखी’. भ्याला म्हणून ओळख नाकारली, एक वेळ समजू शकते. पण पॉटलकमध्ये कोणते इमिग्रेशन खाते पुलाव वाढून घेत होते?

मी शैलाताईंना पत्ते मोजणे म्हणजे काय ते सांगू लागले. अधिक एक, उणे एक. त्या म्हणाल्या, “अगं मला नको गं ते, मला रमी येत नाही.” कार्यकारिणी १२ डिसेंबरला निर्णय घेईल. तोवर वर्ग बंद. मिलिंदने वेगळे काही सांगितले तर बघू, म्हणाल्या.

म्हणजे माझा वर्ग त्याच्या एका वाक्यावर आला. जो ‘थोडंफार’ म्हणतो त्याच्या वाक्यावर.

२५ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंगची सुट्टी.

रस्ते ओस. तिसरे ताट काढले नाही.

श्रीकांत म्हणाला, सोड आता. त्या मुलाला भीती वाटली, तुला राग आला, दोन्ही खरं. म्हटले, दोन खऱ्या गोष्टींची सरासरी काढून न्याय होत नसतो. तो म्हणाला, “तुझ्याशी भांडणं म्हणजे तोंडी परीक्षा गं.” आणि भांडी घासायला गेला.

विचार केला. माझ्याकडे साक्षीदार आहे. काका पूर्ण वेळ तिथे उभे होते. मि. आधी उठला, गोंधळ त्याने केला, माझी नजर टेबलावर होती, हे काका सांगतील. त्यांच्याकडून लिहून घ्यायचे आणि कार्यकारिणीपुढे ठेवायचे. परवा जाते.

२७ नोव्हेंबर, शनिवार

काकांकडे जाऊन आले. लगेच लिहिते.

काकूंनी चिवडा दिला. मी कागद-पेन काढून सरळ विचारले. काकांना फार मौज वाटली. “साक्ष? बाई गं, माझी साक्ष शेवटची घेतली ती लग्नात.”

मग सांगू लागले. मी लिहीत होते. पहिल्याच वाक्याला पेन थांबले.

“तू उठलीस ना.”

म्हटले, आधी मिलिंद उठला. नंतर मी.

“नाही गं. मी नुसता मागून ‘वसुधा का?’ म्हटलं आणि तू ताडकन उठलीस. तुझी खुर्ची आली ती थेट माझ्या काठीवर. काठी उडाली. हे बघ.”

काठी आणून दाखवली. मुठीखाली चार बोटांवर पोचा आहे. लाकूड दबलेले. कॅसिनोच्या खुर्चीच्या पाठीला वर धातूची पट्टी असते, ती नेमकी त्या उंचीला येते. मि.ची खुर्ची डावीकडे, दोन खुर्च्या पलीकडे. तिथून काठीपर्यंत काही पोचूच शकत नाही.

काका पुढे: “तू वाकलीस, मला म्हणालीस, काका, बसा. स्वतःची खुर्ची देऊ लागलीस. तू उभी राहिल्यावर तो बिचारा कसा बसून राहणार? उठला, काठी उचलली, माझ्या हातात दिली, मग वाकला. मी तर काकूला बसमध्ये म्हटलं, वसुधाच्या हाताखाली पोर वळणाला लागलं.”

विचारले, मी किती वेळ टेबलाकडे पाठ करून उभी होते? (विचारायला नको होते. पण विचारले.)

“अगं, चांगल्या गप्पा झाल्या की आपल्या. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे ते विचारलं मी. तू सगळं सांगितलंस.”

सगळं सांगितलं.

कोरा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. काकूंनी चिवडा संपवल्यावरच उठू दिले.

२८ नोव्हेंबर, रविवार

वर्ग नाही. सकाळभर जेवणाच्या टेबलाशी सहा कॅट घेऊन बसले.

१४ तारखेची नोंद पुन्हा वाचली. कलम पाच, सहा, सात: तिन्ही घटना खऱ्या, तिघांचा क्रम उलटा. सात आधी, मग सहा, मग पाच. मला काठी पडल्याचा आवाज आठवत होता, त्याची वाकलेली पाठ आठवत होती. मी त्यांचे कारण-कार्य स्वतःच्या सोयीने जोडले. हेच एखाद्याने ऑफिसच्या अहवालात केले असते तर मी लाल शाईने परत केला असता.

नोंद खोडत नाही. चुकीची नोंद चुकीची म्हणून राहू दे.

मोजणीचे. आईच्या गुडघ्याची हकिकत सांगायला एक मिनिट तरी जाते. तेवढ्यात टेबलावरच्या इतरांचे डाव पुरे झाले असणार, कदाचित पुढचाही वाटला गेला असेल. दहा, बारा, पंधरा पत्ते. शास्त्र असे की न पाहिलेला पत्ता म्हणजे न वाटलेला पत्ता. तो तळाशी राहिला असे धरून मोजणी पुढे चालू ठेवता येते. हे निर्विवाद. पण मग ख.मो. काढताना भागायचे ते न पाहिलेल्या सगळ्या पत्त्यांनी, आणि मुख्य म्हणजे आपण पाहिलेले नाही हे आपल्याला ठाऊक हवे. मी परत बसले, डब्यात उरलेल्या पत्त्यांची उंची नजरेने जोखली, आणि अंगठा आधी जिथे होता तिथेच पुन्हा ठेवला. अनामिकेचे वरचे पेर. सहा. मि.ने चित्रे पडताना पाहिली होती. त्याला माझे पेर आणि स्वतःचे डोळे यांतून एक निवडायचे होते. त्याने माझे पेर निवडले.

मोजणी गेली होती. तो बरोबर होता.

आणि तो उठला तो काकांसाठी नाही. मोठे माणूस उभे असताना आपण बसायचे नाही, म्हणून. मोठे माणूस म्हणजे मी. त्यानंतर चार-पाच मिनिटांत त्याने मला ओळखत नाही म्हटले. दोन्ही त्याच माणसाने केले. हे कसे भागायचे मला येत नाही.

राग गेला का? नाही. उलट आता नेमका झाला. आधी मी त्याच्यावर तीन गोष्टींसाठी चिडले होते. दोन माझ्या निघाल्या. उरली एक: ‘चीटिंग’ हा शब्द.

१ डिसेंबर, बुधवार

त्याच्या टेबलाशी गेले, सर्वांसमोर. आधी माझे सांगितले: आधी मी उठले, मोजणी माझी गेली, तू बरोबर होतास. तो असा बघत राहिला की जणू मीच भरलेला अहवाल त्याच्यापुढे लाल शाईसाठी ठेवला आहे.

“जाऊ द्या ना ताई. झालं ते झालं.”

म्हटले, झाले ते झाले नाही. चीटिंग हा शब्द तुझा आहे. मी फसवणूक केली का?

“नाही. मी कुठं म्हणतो.”

मग तेवढे कार्यकारिणीला लिहून दे. एक ओळ.

तो माउस फिरवू लागला. “तोंडी सांगतो शैलाताईंना. लिहून नको. लिहिलेलं राहतं, ताई.”

राहते म्हणूनच तर! तोंडी तर सगळेच सांगतात. तोंडी त्या सूटवाल्यानेही सांगितले, कोणताही नियम मोडला नाही म्हणून. त्या वाक्याचे मी काय करू, सईच्या आईला काय दाखवू?

त्याला म्हटले, कॅसिनोचे नाव नको, तुझ्या खेळण्याचा उल्लेख नको, तुझ्या फाइलला धक्का लागेल असा एक शब्द नको. मसुदा मी करते.

“तुम्ही कराल हो. तुमचा मसुदा म्हणजे...” आणि वाक्य सोडून दिले.

५ डिसेंबर, रविवार

वर्गाची वेळ, दहा ते साडेअकरा, पत्रात घालवली. सात मसुदे. आठवा खाली उतरवून ठेवते. मूळ पत्र उद्या सकाळी त्याच्या हातात.

चि. मिलिंद,

१. शनिवार १३ नोव्हेंबर रोजी आपटेकाका आल्यावर प्रथम मी उठले. काठी माझ्या खुर्चीने पडली. तू मी उभी राहिल्यामुळे उठलास. आपले बिंग माझ्यामुळे फुटले.

२. त्यानंतर मी दाखवलेली संख्या चुकीची होती. तुझी शंका योग्य होती. आपल्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवण्याची सवय तुला मी लावली, ही चूकही माझीच.

३. माझ्याशी ओळख नाकारलीस, ती भीतीने. त्याबद्दल मी तुला काही विचारत नाही.

४. माझ्या बाबतीत ‘चीटिंग’ हा शब्द तू लोकांसमोर उच्चारलास. तो खोटा आहे, हे तुला माझ्याइतकेच ठाऊक आहे. एक कॅट शून्यावर आणायला तू सात आठवडे घेतलेस, त्यात लबाडीला कुठे जागा होती ते तू पाहिले आहेस. त्या शब्दामुळे अकरा मुलांचा वर्ग बंद आहे.

५. कलम एक आणि दोन मी सही करून कार्यकारिणीकडे आजच पाठवत आहे. तुझे उत्तर येवो न येवो, ती परत घेणार नाही. त्यांत तुझे नाव नाही. ‘माझा एक सहकारी’ इतकेच आहे. कार्यकारिणीला लिहावेस अशी मागणीही मी मागे घेते. उत्तर मला एकटीला हवे आहे.

प्रश्न एकच: त्या टेबलावर मी फसवणूक केली का?

‘हो’ किंवा ‘नाही’. ‘थोडंफार’ नको. मसुदा मी केलेला नाही, वाक्य तुझे तू लिही. शुद्धलेखन मी तपासणार नाही. शुक्रवार, १० डिसेंबरपर्यंत, सही आणि तारखेसह. तोंडी उत्तर, फोन किंवा निरोप स्वीकारला जाणार नाही. गुरुवारी जेवायला आलास तर ताट वाढलेले असेल, पण तेही उत्तर धरले जाणार नाही.

लेखी कळव.

वसुधा